कुठंतरी बघितलेली बाई

चित्र कागदातून सोडवलं तेव्हा माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते कौतुक नव्हतं. ही बाई आपण कुठंतरी बघितली आहे, हे आलं.

अठ्ठ्याण्णव सालचा जानेवारी होता. शाहूपुरीत गुळाच्या अडत दुकानाच्या वरच्या मजल्यावर आमचं कलादालन. नाव मोठं, जागा म्हणजे मधली भिंत पाडून एक केलेल्या दोन खोल्या. जागा त्या दुकानाच्या शेटजींनी फुकट दिलेली, झाडलोटीची बाईही त्यांचीच. खालचा गूळ आणि वरचं टर्पेंटाइन, असा दोन्हींचा वास घेत मी तिथं चौदा वर्षं मानद सचिव होतो. मानद म्हणजे कामं सगळी आपली आणि शिव्याही आपल्याच. पोटापाण्यासाठी हायस्कुलात चित्रकला शिकवायचो. फेब्रुवारीत आमचं वार्षिक प्रदर्शन असायचं आणि जानेवारीभर जिल्ह्यातले चित्रकार चित्रं आणून टाकायचे.

हे चित्र आणलं होतं संघप्रिया मधाळे नावाच्या मुलीनं. मूळची हातकणंगल्याची, कोल्हापुरात चित्रकलेच्या डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला. चित्रात साठीकडं झुकलेली एक बाई खुर्चीत ताठ बसलेली. डोक्यावर पदर नाही, पांढरे केस मागं चापून बांधलेले, उजव्या अंगानं खिडकीचा उजेड, नजर सरळ बघणाऱ्याच्या डोळ्यांत. हनुवटीखालच्या सुरकुत्यांत पोरीनं असा काही हिरवट करडा रंग लावला होता, जो मला पंचवीस वर्षांत सापडला नव्हता. खरं सांगतो, मला हेवा वाटला. आणि हेवा वाटला की माणूस खोड शोधायला लागतो.

त्यात आमचं तोंड दुधानं पोळलेलं. चौऱ्याण्णव साली एका पठ्ठ्याच्या 'म्हाताऱ्या धनगरा'ला आम्ही पहिला नंबर दिला. आठ दिवसांनी कळलं, तो एका परदेशी मासिकातला मेंढपाळ होता. पठ्ठ्यानं त्याची टोपी काढून फेटा तेवढा बांधला होता. पेपरात छापून आलं, गावभर हसू झालं. त्यानंतर मी नियम केला. पोर्ट्रेट समोर माणूस बसवूनच काढलेलं पाहिजे, फॉर्मवर बसणाऱ्याचं नाव पाहिजे. नक्कल निघाली तर तीन वर्षं बंदी, आणि काढणारा शिकत असेल तर त्याच्या कॉलेजला पत्र. तेव्हापासून मी ताकही फुंकून प्यायला लागलो होतो.

फॉर्म बघितला. बसणाऱ्याचे नाव: आक्काताई मधाळे. वय: ५८. म्हटलं, स्वतःचंच आडनाव ठोकून दिलंय. नाव काय, कुणीही कुणाचंही लिहावं.

निवड समितीत आम्ही तिघं. आण्णा सगळ्यात थोरले, शहात्तर वर्षांचे. जिल्ह्यातल्या निम्म्या साखर कारखान्यांच्या चेअरमनांचे चेहरे त्यांच्याच हातचे. दुसरा गुंडू, फ्रेमा करायचा आणि लोकांच्या वारलेल्या आजोबांची चित्रं काढून द्यायचा. तिसरा मी.

"आण्णा, ही बाई वळखीची वाटती का बघा."

आण्णांनी चष्मा पुसला, जवळ जाऊन बघितलं, मागं सरून बघितलं. "बघितलीया," ते म्हणाले. "शंभर टक्के बघितलीया. पर कुठं?"

"क्यालेंडरवर," गुंडू म्हणाला. "न्हाईतर मासिकात. मलाबी कवापास्नं तसंच वाटाय लागलंय."

झालं. आयुष्यभर चेहरे काढणारे तिघंजण, आणि तिघांनाही चेहरा ओळखीचा. आता चेहरा ओळखीचा आहे आणि बाई ओळखीची नाही, याचा अर्थ एकच, हा चेहरा कुठंतरी छापून आलेला आहे. आमचं गणित असं सरळ होतं.

आमच्या माळ्यावर जुन्या मासिकांचे गठ्ठे होते. "मावशी, तेवढे गठ्ठे खाली काढा," मी हाक मारली. मावशी म्हणजे शेटजींची ती झाडलोटवाली बाई. रोज सकाळी नाकातोंडावर पदर गुंडाळून झाडायची, खालच्या गुळाच्या मुंग्या चित्रांवर चढू नयेत म्हणून भिंतीच्या कडेनं रॉकेलचं फडकं फिरवायची आणि मी असलो की चहा आणून ठेवायची. तिनं शिडी लावली, एकेक गठ्ठा उतरवला, धूळ झटकून आमच्यापुढं मांडला.

"काय हुडकताय, मास्तर?"

"एक बाई," गुंडू म्हणाला.

"गावली का?"

"गावंल की. जाती कुठं?"

मावशी चहा आणायला गेली.

तीन दिवस शाळा सुटल्यावर आम्ही तेच केलं. नट्या बघितल्या, राजस्थानातल्या पाणी भरणाऱ्या बायका बघितल्या. एका रशियन शेतकरीण आजीचं नाक थोडं जुळत होतं. गुंडू म्हणाला, हीच. आण्णा म्हणाले, नाक व्हय, डोळं न्हाईत. मग मी म्हणालो, म्हणजे पोरगी हुशार आहे, नाक एकीचं घेतलंय आणि डोळे दुसरीचे. हे बोलताना मला स्वतःच्या डोक्याचं कौतुक वाटलं. संशयाला पुरावा लागत नाही, नुसतं खाद्य घालत राहायचं.

गुरुवारी शाळा लवकर सुटली. मी जिना चढून वर आलो तर मावशी त्याच चित्रापुढं उभी. आलेली चित्रं आम्ही चादरीखाली झाकून ठेवायचो. त्या चादरीचं टोक तिच्या हातात होतं. मला बघताच तिनं चादर सोडली.

"काय करताय हितं?"

"काय न्हाई. मुंग्या हायत का बघितलं."

चादरीवर एक मुंगी नव्हती. माझ्या मनात पाल चुकचुकली. हिला कुणीतरी बघायला सांगितलंय. पेपरवाल्यानं, नाहीतर त्या पोरीच्या माणसांनी. आदल्या दिवशी मी आणि गुंडू 'मधाळेची पोरगी, चोरीचं चित्र' असं मोठमोठ्यानं बोलत होतो तेव्हाही ही दाराशीच होती.

"किल्ली माझ्याकडं द्या," मी म्हणालो. "प्रदर्शन होईस्तवर मीच उघडीन."

तिनं पदराच्या गाठीतली किल्ली सोडली, टेबलावर ठेवली आणि खाली गेली. दुसऱ्या दिवसापासून चहा आला नाही. म्हटलं, बघा, मनात पाप नसतं तर चहा बंद झाला असता का?

त्याच गुरुवारी रात्रीचं जेवण व्हायच्या आधी मी कॉलेजला पत्र लिहिलं. 'सदर चित्र नक्कल असल्याचा दाट संशय असून' वगैरे. शुक्रवारी शाळेला जाता जाता कॉलेजात देऊन आलो. नियमाप्रमाणं आधी मुलीला बोलवायचं आणि मग पत्र द्यायचं. मी आधी पत्र दिलं आणि मग तिला निरोप धाडला, की रविवारी अकरा वाजता चित्रात बसलेल्या बाईला घेऊन ये. ती येणारच नाही, याची मला खात्री होती.

ती आली. एकटी. तेवीस वर्षांची असेल, सडपातळ, नखांच्या कडेला रंग. तिनं पिशवीतून कॉलेजची नोटीस काढून टेबलावर ठेवली. कलादालनाकडून खुलासा आल्याशिवाय शेवटच्या परीक्षेला बसता येणार नाही, असं त्यात होतं. परीक्षा पंधरा दिवसांवर आली होती.

"ते मागनं बघू," मी म्हणालो. "बाई कुठाय?"

"येत्यात. जिना झाडाय लागल्यात."

मला तिच्या बोलण्याचा अर्थच लागला नाही. तेवढ्यात मावशी झाडू घेऊन दारात आली.

"मावशी, जरा थांबा. आमची बैठक हाय. मागनं झाडा."

मावशीनं झाडू दाराच्या कोपऱ्यात टेकवून ठेवला. "मलाच बोलावलंय न्हवं?" ती म्हणाली.

ती खोली ओलांडून आली आणि आमच्यासमोरच्या खुर्चीत बसली. नाकातोंडावरचा पदर सोडला, डोक्यावरचाही मागं घेतला, हात गुडघ्यांवर ठेवले आणि माझ्या डोळ्यांत बघितलं. उजव्या अंगानं खिडकीचा उजेड होता. हनुवटीखाली तो हिरवट करडा रंग होता.

"आरं देवा," आण्णा म्हणाले.

"काखेत कळसा आन गावाला वळसा," गुंडू बोलून गेला. आण्णांनी त्याच्याकडं डोळे वटारून बघितलं.

माझे कान तापले. लाज वाटली, दुसरा शब्द नाही त्याला. अकरा वर्षं या बाईनं माझ्या कोपराशी चहा ठेवला होता आणि मी तिला रशियात शोधत होतो.

"माझी आत्या हाय, माह्यारचंच आडनाव लावती," संघप्रिया म्हणाली. "शिकाय आल्यापास्नं मी तिच्याकडंच ऱ्हाते. दोन महिने रोज संध्याकाळी बसली ती. फॉर्मवर नाव लिवलंय की, सर."

"अगं, पण मावशींचं नाव आम्हाला..." मी बोलायला लागलो.

"सयाजी," आण्णा म्हणाले, "कागद घे आन कॉलेजला लिव."

मी लेटरहेड ओढलं. 'तांत्रिक चुकीमुळे दिनांक अमुकचे पत्र आपणांकडे पाठविले गेले, ते रद्द समजावे.' सही केली. संघप्रियानं वाचलं आणि कागद परत माझ्यापुढं सरकवला.

"ह्यानं भागत न्हाई, सर. तांत्रिक चूक म्हंजे कुणाची, ते प्रिन्सिपॉल मलाच इचारणार. पोरं तर आत्ताच चोर म्हणाय लागल्यात. जे झालं ते लिवा."

आवाज शांत होता. आणि मला, एवढं होऊनही, राग आला. माझ्या हाताखालून गेलेल्या पोरांएवढी पोरगी मला मजकूर सांगते! मी आण्णांकडं बघितलं. आण्णा मान वर करेनात. मग पहिला कागद फाडला आणि दुसऱ्यावर लिहिलं:

'सदर चित्र कु. संघप्रिया मधाळे यांनी समोर व्यक्ती बसवून काढलेले आहे. चित्रातील श्रीमती आक्काताई मधाळे गेली अकरा वर्षे आमच्या कलादालनात रोज काम करतात. निवड समितीतील आम्हा तिघांनाही त्यांना ओळखता आले नाही. चूक पूर्णपणे आमची आहे. चित्र प्रदर्शनासाठी निवडले आहे.'

तिघांनी सह्या केल्या. मी शिक्का मारला. संघप्रियानं दोनदा वाचलं, घडी घातली नाही, तसाच कागद हातात धरून डोळे पुसले.

"वाचून दावा की, मास्तर," आक्काताई खुर्चीतून म्हणाल्या. "मलाबी कळू दे काय लिवलंय."

मी कागद घेतला आणि वाचायला लागलो. तिसऱ्या वाक्याला माझा आवाज खाली गेला.

"त्येवढं परत वाचा."

"आम्हा तिघांनाही त्यांना ओळखता आले नाही."

आक्काताईंनी मोठा श्वास सोडला. खुर्चीत त्या पहिल्यांदाच मागं टेकल्या.

"आसं हाय व्हय," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, तुमी वळखलंसा. वळखलंसा आन मग नगं म्हणालासा. झाडणारीचं चित्र, त्येबी आमच्यातल्या बाईचं, भिताडावर कशाला म्हणून. किल्ली काढून घेतलीसा तवा तर खात्रीच पटली. म्हणून तोंड उघडलं न्हाई. म्हटलं, बोलून आजून पोरीचं वाटूळं नगं."

चार दिवस मी तिच्यावर संशय घेत होतो, आणि तेच चार दिवस ती माझ्यावर घेत होती. तिचा संशय माझ्या संशयापेक्षा कितीतरी शहाणा होता.

"तसं काही नव्हतं, आक्काताई," मी म्हणालो. नावानं हाक मारायची ती पहिलीच वेळ.

त्यांनी मान तिरकी करून माझ्याकडं बघितलं.

"नक्की का?"

फॉर्मवरचं आडनाव वाचलं तेव्हा मनात काय आलं होतं, ते मी आठवायला लागलो. तेच चित्र एखाद्या पाटलाच्या, देशमुखाच्या पोरीनं आणलं असतं, तर तिला बोलावून विचारायच्या आधी मी कॉलेजची पायरी चढलो असतो का? विचारलं असतं, बहुतेक. आधी चहा मागवला असता.

"नक्की," मी म्हणालो. पण ते म्हणायला मला वेळ लागला, आणि तेवढा वेळ आक्काताई माझ्या तोंडाकडं बघत होत्या.