लेडीज रूममधला नळ

पाटी मात्र झकास रंगवली होती. पिवळ्यावर लाल अक्षरं : 'महिला तक्रार निवारण समिती. बुधवार, दुपारी दोन ते तीन.' खोली दिली ती परीक्षा विभागाच्या शेजारची, आणि खोलीबाहेरचा बाक म्हणजे अख्ख्या कॉलेजचा पार. हॉलतिकीट, मार्कशीट, नाहीतर काहीच काम नसलं तरी पोरं तिथंच टेकलेली. पाटी मोठ्यानं वाचायची आणि एकमेकांना कोपर मारायची, "ए, पुरुषांच्या तक्रारी कोण घेतं रे?"

आत हर्षाली एकटीच बसलेली असायची.

समिती नेमा, असं विद्यापीठाचं परिपत्रक आलं. मराठीच्या ठोंबरे मॅडम अध्यक्ष झाल्या. पण प्रशिक्षणाला पुण्याला जायला कोणी तयार होईना, तेव्हा बॉटनीच्या तासिका तत्त्वावरच्या मॅडमना, म्हणजे हर्षालीला, पाठवलं. तासिका तत्त्वावर, म्हणजे दर जूनला नव्यानं मुलाखत. 'नाही' म्हणायची सोय नाही. तिची लेक चिमी तेव्हा अंगावर पीत होती. ब्लाउज ओला होईल या धास्तीनं पदर घट्ट लपेटून हर्षालीनं दिवसभर सगळं मन लावून ऐकलं. बाई बोलत असताना मध्ये बोलू नका. तेव्हाच का नाही ओरडलीस, असं विचारू नका. आल्यावर तिनं ते वर्गावर्गात जाऊन सांगितलं. मुली मान खाली घालून ऐकायच्या आणि तास संपला की निघून जायच्या. बुधवारी कोणी फिरकायचं नाही.

"तक्रार नाही म्हणजे कॉलेज चांगलं," ठोंबरे मॅडम म्हणायच्या. "तू आपली तिथं पेपर तपासत जा."

पण हर्षालीची नजर टिपणारी. आई झाल्यापासून तर फारच. झोपलेल्या लेकीच्या नाकाशी बोट धरून श्वास चालू आहे ना, ते बघणारी बाई ती. सुरगाण्याकडच्या डोंगरातली रोशनी भोये पहिल्या बाकावरून शेवटच्या बाकावर गेलेली तिच्या लक्षात आली होती. बुधवारी ती मुलगी खोलीच्या दिशेनं यायची, बाकावरच्या पोरांकडे बघायची आणि थेट जिन्यानं खाली उतरायची.

तीन वाजले की हर्षालीची छाती दगडासारखी व्हायची. तिकडे सिडकोत, घरी, चिमीच्या तोंडात सासूबाई बाटली देत असणार. ही लेडीज रूममध्ये जायची, आवाज झाकायला नळ सोडायची आणि बेसिनवर वाकून दूध पिळून टाकायची. पांढरी धार पाण्याबरोबर वाहून जायची.

अशाच एका बुधवारी दार लोटून रोशनी आत आली. हर्षालीनं घाईघाईनं पदर ओढला.

"राहू द्या मॅडम," रोशनी म्हणाली. "माझी वहिनी पण असंच करते. भाताच्या लावणीला जाते ना, तेव्हा बांधावर." मग दार लावून घेत, "लय दुखत असंल."

इतक्या दिवसांत हे तिला कोणीच विचारलं नव्हतं. ना नवऱ्यानं, ना सासूनं. हर्षालीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"दुखतं," ती म्हणाली. "आणि तुझं काय दुखतंय?"

रोशनीनं हात लांबवून नळ आणखी सोडला आणि बोलायला लागली. बॉटनीचे विभागप्रमुख, जगदाळे सर. जर्नलवर सही करायला वाळवलेली झाडंपानं ठेवायच्या हर्बेरियमच्या खोलीत बोलावतात, तेही एकटीला. दार लोटतात. पाठीवर हात ठेवतात, तो खाली खाली येतो.

"झटकला मी. तर हसले. म्हणे, तुमच्या डोंगरात लग्नाआधीच पोरं होतात, तुला काय एवढं? मॅडम, हात लावला ते मला. पण हे तर माझ्या आयला, वहिनीला, सगळ्यांनाच बोलले ना?"

हर्षाली मध्ये बोलली नाही. जूनच्या मुलाखतीत टेबलापलीकडे हेच जगदाळे सर बसायचे.

"समितीपुढे येशील? मी असेन तिथं."

"त्या बाकावर बसू? संध्याकाळच्या आत होस्टेलला कळंल, तिथून गावाला. आबा मला जीपमध्ये घालून नेतील. संपलं शिक्षण." रोशनीनं डोळे पुसले. "नायतर मीच जाते शनिवारच्या जीपनं गावाला. सही नाय तर प्रॅक्टिकल नाय. मग राहून करू काय?"

हर्षालीनं ठोंबरे मॅडमना विचारून पाहिलं, बैठक लेडीज रूममध्ये घेऊ या का?

"अगं, वेड लागलंय का तुला? समितीत पुरुष सदस्य आहेत, ते कसे येणार तिथं? यायचं असेल तर मुलगी खोलीत येईल. शुक्रवारी."

शुक्रवारी हर्षाली बैठकीच्या बऱ्याच आधी गेली आणि बाकाच्या मधोमध बसली. पोरं दचकून सरकली.

"मॅडम, आत बसा ना."

"नको. आज माझं काम बाहेरच आहे."

पोरांनी एकमेकांकडे पाहिलं. मग कुजबुज. "आयला, मॅडमचीच तक्रार दिसतेय!" ते तिला स्वच्छ ऐकू आलं. कानशिलं तापली, पण ती हलली नाही. तेवढ्यात, ठरल्याप्रमाणे, हनुवटीपर्यंत जर्नलांचा गठ्ठा घेऊन रोशनी आली.

"मॅडम, कुठं ठेवू?"

"आत. चल, दाखवते."

एकाही पोरानं रोशनीकडे पाहिलं नाही. सगळे मॅडमकडेच बघत होते.

आत सदस्यांसमोर एकच खुर्ची मांडली होती. हर्षालीनं ठोंबरे मॅडमशेजारची आपली खुर्ची ओढत पलीकडे नेली आणि रोशनीला लागून बसली.

"अगं, तू सदस्य आहेस ना?"

"सदस्याला इकडूनही ऐकू येतं, मॅडम."

फार मोठं काही झालं नाही. जगदाळे सरांना प्रॅक्टिकलपासून दूर ठेवलं, जर्नलच्या सह्या दुसऱ्या मॅडमकडे गेल्या. त्याला नाव दिलं, विभागातली अंतर्गत फेररचना. रोशनीनं परीक्षा दिली. शनिवारच्या जीप आल्या नि गेल्या, ती कशातच बसली नाही.

चर्चा मात्र हर्षालीला चिकटली. स्टाफरूममध्ये तिच्या शेजारची खुर्ची रिकामी राहू लागली. "जपून हं, मॅडम बसल्यात," असं कोणी म्हणायचं आणि बाकीचे चहात हसायचे. बोलणं हिंडत हिंडत सिडकोत आलं. सासूबाई चिमीला तिच्याकडे देताना नजर चुकवू लागल्या.

नवऱ्यानं, ललितनं, एकदा रात्री विचारलं, "त्या जगदाळेनं तुला काही...?"

"मला नाही."

"मग लोक उगीच बोलतात?"

एक नाव सांगितलं असतं तर सगळं मिटलं असतं. हर्षाली चिमीचं झबलं घडी करत राहिली. ललितनं वाट पाहिली आणि कूस बदलली.

जूनच्या मुलाखतीचं बोलावणं येईल, अशी आशा तिनं आता सोडली होती. चिमी वरणभात खायला लागली, दूधही आटलं. तरी बुधवारी तीन वाजता खोली बंद करून हर्षाली लेडीज रूममध्ये जायची, नळ सोडायची आणि बेसिनपाशी उभी राहायची. आरशात तिच्याशिवाय कोणी नसायचं.

एका बुधवारी दाराबाहेर पावलं येऊन थांबली. आत येईनात, परतही जाईनात. हर्षालीनं वळून पाहिलं नाही. तिनं फक्त नळ आणखी थोडा सोडला.