कुंतीला ताण

इंद्रभाननं कुंतीचं पान तोडलं, बोटांत चुरगळून नाकाशी नेलं आणि अंगणातूनच ओरडला, "अरे, हे त संत्र्याच्या भावकीतलं निघालं!"

त्याची सून मंजुश्री हातातलं सूप ठेवून धावत आली. सासऱ्यानं पान तिच्या नाकाखाली धरलं.

"घे वास. हाय का नाही संत्र्याचा? याले ताण पाह्यजे. पाणी तोड याचं."

संग्रामपूरच्या शिवारात ताण म्हणजे काय, हे शाळकरी पोरही सांगेल. पौषात संत्र्याच्या बगिच्याचं पाणी तोडायचं, पानं माना टाकू लागली तरी मन घट्ट ठेवायचं आणि मग एक दिवस पाणी सोडायचं. झाड फुलांनी लदबदून जातं. लाडावलेलं झाड मात्र नुसती पानं काढत बसतं. मंजुश्रीनं अमडापूरहून, माहेरच्या कुंपणातून लग्नात आणलेली ही कुंती तीन वर्षांत छातीएवढी झाली होती, हिरवीगार, तकतकीत. फूल एक नाही.

आणि फूल हवंच होतं. मंजुश्रीची आई, पुष्पाबाई, माघ संपता संपता पहिल्यांदाच लेकीकडे राहायला येणार होती. तिचा फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला, "कुंती फुलली का वं?" तिचं गणित साधं होतं. झाड रुजलं म्हणजे लेक रुजली. आईला बरं वाटावं म्हणून मंजुश्री एकदा "फुलली" म्हणून बसली, आणि एकदा म्हटल्यावर दर बहाराला फोनवर फुलवणं भागच होतं. आता आई डोळ्यांनी बघणार. तिनं रडवेल्या आवाजात हे सांगितलं तेव्हा इंद्रभान पोट धरून हसला.

"मंग आता इज्जतीचाच सवाल हाय! मी फुलवतो."

पाणी तुटलं. तरी रोज सकाळी इंद्रभाननं बोट खुपसलं की माती ओली लागायची.

"सूनबाई, तू चोरून पाणी देते."

"आईशप्पथ नाही, मामाजी!"

तेवढ्यात इंद्रभानची बायको पंचफुला तुळशीला पाणी घालून वळली, आणि तांब्यात उरलेलं सगळं पाणी तिनं सवयीनं कुंतीच्या बुडाशी ओतलं.

"अवं, हे काय करून राह्यली?"

"काऊन? रोजच त देतो."

"रोज? म्या पाणी तोडलं हाय नं!"

"तुम्ही तुमचं तोडा." पंचफुलानं तांब्या कमरेला टेकवला. "सुनेच्या माहेरचं झाड हाय. तुळशीले द्याचं अन् त्याले उपाशी ठेवाचं? मले नाही जमत."

मंजुश्री बघतच राहिली. तीन वर्षांत सासूनं त्या झाडाबद्दल चकार शब्द काढला नव्हता. आपलं झाड या बाईच्या डोळ्यांतही नाही, असंच ती समजून चालली होती. तिला एकदम भरून आलं आणि ते लपवायला ती सूप घेऊन घरात गेली.

दुसऱ्या दिवसापासून उरलेलं पाणी गाईच्या टाक्यात जाऊ लागलं. पानं लोंबली, पिवळी पडू लागली. पंचफुला तुळशीपाशी जाताना कुंतीकडे पाठ करायची आणि नवऱ्यावर करवादायची, "मेलं बिचारं तुमच्यापायी." इंद्रभान वरून मिशीत हसत होता, पण दिवसातून दहा वेळा येऊन मातीला बोट लावत होता.

अखेर एका सकाळी त्यानं फर्मान काढलं, "सोडा पाणी!" तिघंही बादल्या घेऊन धावले. पंचफुलाची पहिली.

मग घराला वेडच लागलं. पालवी फुटली, पालवीच्या टोकाला तांदळाएवढं पांढरं काहीतरी दिसलं, आणि पंचफुला चष्मा शोधत ओरडली, "कळी! अवं पोरी, कळीच हाय ही!" शेजारच्या बायका बोलावल्या गेल्या. इंद्रभान ज्याला त्याला बोट न लावण्याची तंबी देऊ लागला.

पुष्पाबाई आली त्या सकाळी कुंती एका दमात उमलली होती. पान दिसेना इतकी फुलं, आणि वास पार रस्त्यापर्यंत. पुष्पाबाई पिशवी हातात धरून फाटकातच थांबली.

"पाहा इहीणबाई!" इंद्रभानला धीर निघेना. "असा ताण देल्ला म्या, का पह्यल्यांदा..." त्यानं जीभ चावली. "म्हंजे, दरसालच फुलते. दरसालच!"

"हो नं," पंचफुला घाईनं म्हणाली. "वासानं डोकं उठते आमचं दरसाल."

पुष्पाबाई चपला काढून आत गेली. लेकीनं दिलेलं पाणी प्याली आणि हळूच म्हणाली, "पह्यल्यांदाच फुलली नं?"

मंजुश्रीनं मान खाली घातली.

"फुलली असती त तू फोटो पाठवल्याबिगर राह्यली असती का? भाजी जळली तरी फोटो पाठवते तू." पुष्पाबाईनं पिशवी पुढं सरकवली. ती जवळपास रिकामीच होती. "लेक खोटं बोलते म्हंजे या घरात काही तरी हाय, असं वाटलं मले. तुले घेऊन जायले आली होती मी. तुह्ये कपडे याच्यात मावले असते."

 अंगणातून कुजबुज ऐकू येत होती. कुजबुज कसली, चांगलं भांडणच.

"दरसालच म्हणाचं ठरलं होतं नं? मंग तुम्ही अटकले काऊन?"

"अन् तुह्यं डोकं उठाचं काय काम होतं मधात?"

"येवढी पोरीची गोष्ट राखाची, तेही नाही जमलं तुम्हाले!"

पुष्पाबाई ऐकत राहिली. मग तिनं पदरानं डोळे पुसले, पिशवीची घडी घालून लेकीच्या हातात दिली आणि दारात येऊन उभी राहिली. 

"इहीणबाई," ती पंचफुलाला म्हणाली, "पुढच्या बहाराले फोन तुम्हीच करजा. हिचं काही खरं नाही."