राहिलेले बारा ठोके

आमच्या दुकानात एका भिंतीवर कर्णे, बासऱ्या आणि व्हायोलिनं टांगलेली, तर समोरच्या भिंतीला औषधांच्या बरण्या. टनुंडा गावात त्यावरून चेष्टा चालायची, की लेबरेख्तच्या कर्ण्यानं कान गेले तर रोझीनाकडे थेंब मिळतात. लेबरेख्त माझा धाकटा भाऊ. वाद्यं विकायची आणि दुरुस्त करायची ती त्यानं, औषधं माझी. वडिलांनी जर्मनीहून समुद्रापार इंग्रजांच्या या वसाहतीत येताना औषधांची पेटी आणली होती आणि मला सगळं शिकवलं होतं. इंग्रज सरकारचा परवाना मात्र त्यांच्याकडे नव्हता, नि माझ्याकडेही नाही.

१८७१चा मार्च होता, द्राक्षं उतरवायचे दिवस. त्या सकाळी आम्हा भावंडांची जुंपली होती. लग्नाच्या बँडचा भलामोठा कर्णा त्यानं आणून ठेवला तो नेमका माझ्या औषधं मोजायच्या टेबलावर. मी त्याला फैलावर घेतलं, आणि तोंडाचा पट्टा चालू असतानाच दोन पुड्या बांधल्या. एक कडू मिठाची, हर्मान नोस्केच्या बायकोसाठी. पाउलीनेला बाळंत होऊन आठवडा झाला होता आणि पोट साफ होत नव्हतं. दुसरी आंबट मिठाची, लेबरेख्तला पितळ उजळायला. कडू मीठ म्हणजे साधं जुलाबाचं औषध. आंबट मीठ म्हणजे जहर. दिसायला दोन्ही सारखीच, पांढरी, बारीक खड्यांची. आणि माझ्याकडे पुडीचा कागद एकाच रंगाचा, निळा.

नोस्के पुडी घेऊन गेला. तासाभरानं लेबरेख्त मागच्या खोलीतून ओरडला, "कसलं मीठ दिलंस गं? घासून घासून हात मोडले, डाग आहे तिथंच!"

"तुझ्या हातात जोर नाही," मी म्हटलं.

"अगं, आंबटच नाही हे." तो दारात येऊन उभा राहिला. बोट जिभेला लावलेलं. "कडू आहे."

नोस्केला मी काय सांगितलं होतं, ते शब्दन् शब्द आठवलं. घरी पोचल्याबरोबर, रिकाम्या पोटी, मोठा चमचा कोमट पाण्यात. चव वाईट असते, तेव्हा जिभेवर रेंगाळू द्यायचं नाही. एका दमात पिऊन टाकायचं. म्हणजे जिभेनं सावध केलं असतं, तर तीही वाट मीच बंद करून ठेवली होती.

"नोस्के कधीच घरी पोचला असेल," मी म्हटलं.

लेबरेख्तचा चेहरा पांढराफटक पडला. "खडू घेऊन जा. खडूची पूड पाण्यातून लगेच पाजली तर उतार पडतो. आणि हे बघ, रस्त्यात बोंबलू नकोस. विचारलं कुणी, तर बाळाला बघायला चाललेय म्हण. हे फुटलं तर दुकानाला टाळं आणि तुला तुरुंग."

"आणि पाउलीनेला काय, शवपेटी?"

मी ओच्यात खडूच्या कांड्या टाकल्या आणि पळत सुटले.

नोस्केचं घर गावाबाहेर, चर्चच्याही पुढे अर्ध्या मैलावर. मी लोहाराच्या दुकानापाशी पोचले असेन नसेन, तोच चर्चची घंटा वाजली. एकच ठोका. मग लांबलचक शांतता. मग दुसरा.

आमच्या गावात कुणी गेलं की असे ठोके पडतात. वर्षाला एक, जितकं वय तितके. घंटा चालू आहे तोवर ज्यानं त्यानं हातातलं खाली ठेवायचं, हात जोडून उभं राहायचं आणि मोजायचं. पुरे होईपर्यंत बोलायचं नाही. लोहाराचा हातोडा थांबतो, तोंडाकडे नेलेला घास परत ताटात जातो. पुरे झाले, की मग कोण गेलं ते लोक आपापसात ताडतात.

पाउलीने एकोणतीस वर्षांची होती. तिच्या बाप्तिस्म्याला मी आठ वर्षांची होते, हिशोब चुकायचा प्रश्नच नव्हता.

सहा. सात. वाटेत दोन द्राक्षवाले टोप्या काढून उभे होते. मी त्यांच्यामधून पळत गेले. मनातून त्यांनी मला शिव्या घातल्या असतील, पण त्यांनाही बोलायची सोय नव्हती. पंधरा. सोळा. देवा, हे पोर असू दे, असंही माझ्या मनात येऊन गेलं. कुणाचंतरी पोर, पण पाउलीने नको. आता पोराचं वयही सरलं होतं. अशी वाईट प्रार्थना मी आयुष्यात केली नाही, आणि ती केली हे लपवत नाही.

सत्तावीस. अठ्ठावीस.

एकोणतीस.

मी रस्त्याच्या मधोमध थांबले. खडू ओच्यातून सांडत होता. कान सोडला तर अंगात दुसरं काही उरलंच नव्हतं.

तीस.

मला रडू आलं नि हसूही आलं. एकतीस, बत्तीस, ठोके पुढे पडतच राहिले. मग डोकं ताळ्यावर आलं. घंटा ओढायचं काम गावात नोस्केचंच. म्हणजे तो इथंच, चर्चच्या मनोऱ्यात आहे. मग पुडी कुठं आहे?

मी मनोऱ्यात शिरले. नोस्के दोर ओढत होता, ओठांवर आकडा. त्याचा कोट खुंटीला होता. मी खिसे उपसले. पाइप, रुमाल, तंबाखू. पुडी नाही.

"हर्मान, पुडी कुठे आहे?"

त्यानं डोळे वटारले आणि दोर ओढला. घंटावाल्याशी कुणी कधी बोलत नाही. आकडा चुकला तर मेलेल्याची वर्षं चोरली, असं आमच्यात मानतात. साठ. एकसष्ट. मी पुन्हा विचारलं. त्यानं मान हलवली. शेवटी सहासष्टाव्या ठोक्याला मी त्याच्या दंडालाच लोंबकळले.

"वेड लागलंय का तुला?" तो किंचाळला. "शिर्मरबाबाचे अठ्ठ्याहत्तर आहेत!"

"पुडी, हर्मान! सकाळची पुडी!"

"सासूबाई गाडीतून घरी निघाल्या होत्या, त्यांच्याकडे दिली. मला पास्टरसाहेबांनी इथंच अडवलं."

"किती वेळ झाला?"

"झाला असेल अर्धा तास. का?"

"विष आहे त्यात. मीच बांधून दिलं."

दोर तसाच हलत राहिला आणि आम्ही दोघं धावत सुटलो. तो पुढे, मी मागे. अर्धा मैल मी कशी पळाले ते माझं मला ठाऊक. घराचं धुराडं दिसलं, तेव्हा आतून रडण्याचा आवाज येतोय का म्हणून कान दिला. आवाज आला तो बाळाचा.

स्वयंपाकघराच्या दारात नोस्के एकदम थांबला, मी त्याच्या पाठीवर आदळले.

पाउलीने टेबलाशी हात जोडून उभी होती. समोर कप काठोकाठ भरलेला. तिची आई चुलीपाशी वैतागून बोलत होती. "अगं पी की आता! पार निवलं ते. घंटा थांबून किती वेळ झाला."

"थांबली नाही आई. तुझ्यामुळे मध्येच बोलावं लागतंय मला. सहासष्टच झाले. शिर्मरबाबा अठ्ठ्याहत्तरचे, तूच म्हणालीस ना? बारा राहिलेत. हर्मान कधी चुकत नाही, दम खात असेल." मग तिनं दाराकडे पाहिलं. "हे काय, तू इथं कसा?"

नोस्केनं दोन ढांगांत जाऊन तो कप टेबलाच्या पार पलीकडे सारला आणि तिच्या खांद्यात तोंड खुपसून ओक्साबोक्शी रडायला लागला. लेबरेख्तनं सांगितलेलं बाळाला बघायचं निमित्त माझ्या जिभेच्या टोकावर होतं. ते तिथंच राहिलं.

"पाउलीने, ते पितळ घासायचं आंबट मीठ आहे," मी म्हटलं. "भांडता भांडता माझ्या हातून पुड्या बदलल्या. तू प्यायली असतीस तर मेली असतीस."

म्हातारीनं डाव उगारला. "मेले, हिच्या जिवावर उठलीस तू! आणि मी हिला आग्रह करत होते!" डाव खाली आलाच नाही, तीच मटकन खाली बसली. पाउलीने कपाकडे बघत राहिली.

"मग आता माझ्या पोटाचं काय?" ती म्हणाली.

मी ओच्यात पाहिलं. खडूचे दोन तुकडे उरले होते. कडू मीठ आणायचं सुचलंच नव्हतं. पाउलीनेला हसू फुटलं, आणि हसता हसता ती रडायला लागली.

नोस्केनं तोंड पुसलं. "म्हाताऱ्याचे बारा राहिलेत," एवढंच म्हणून तो निघून गेला.

थोड्या वेळानं घंटा वाजली. म्हातारी उठली, पाउलीने उभी राहिली, मीही हात जोडले. शिर्मरबाबासाठी प्रार्थना करायला हवी होती. सदुसष्टपासून मी नीट मोजलं, पण मनात आकडा एकच होता, एकोणतीस. टेबलाच्या पलीकडे तो कप तसाच होता. शेवटचा ठोका पडल्यावर मी तो उचलला आणि मागच्या अंगणात खड्डा खणून ओतला. मग कडू मीठ आणायला गावाकडे चालू लागले.