भट्टीवाल्याचा लाल दिवा

मित्रांनो, आजवर माझ्यात किती माणसांनी फुंकले असेल, याची गणती नाही. सिगारेट सोडवणाऱ्या दवाखान्यातला मी एक जुना श्वासमापक. मला पुठ्ठ्याची नळी लावायची, दम धरायचा आणि सावकाश फुंकायचे. धुरातला विषारी वायू श्वासात असला की माझा लाल दिवा लागतो, नसला की हिरवा. एवढेच मला येते.

कारखान्यातून आलो तेव्हा माझा थाट काय सांगू! समुपदेशक ताई मला मऊ कापडाने पुसायच्या, दरवर्षी तपासायला पाठवायच्या. हिरवा दिवा लागला की मोठमोठी माणसे पोरांसारखी हसायची. पुढे माझे कौतुक सरले. संपलेल्या पेनांच्या संगतीत मी खणात पडून राहू लागलो आणि तपासणीही राहून गेली.

अशात एक भट्टीवाला आला. तो बेकरीत पाव भाजायचा. मुलीला दमा होता आणि बायकोने निक्षून सांगितले होते, पुन्हा ओढली तर पोरीला घेऊन माहेरी जाईन. डॉक्टरांनी त्याच्या दंडावर निकोटीनची पट्टी लावली, चघळायला गोळ्या दिल्या. तलफ आली की ताईंना फोन करायचा, असे ठरले. बिचारा वेळी-अवेळी करायचा. चघळून चघळून जबडा दुखतो म्हणायचा. पण माझा दिवा दर खेपेला हिरवा लागायचा आणि बाकावर बसलेली बायको डोळे पुसायची.

मग थंडी पडली आणि एक दिवस दिवा लाल झाला. आईशप्पथ ओढली नाही, तो म्हणाला. मीच बिघडलो असेन म्हणून ताईंनी स्वतः फुंकून पाहिले. हिरवा. पुढच्या खेपेला त्याचा पुन्हा लाल. बायकोने पिशवी उचलली.

"मशीनचं काय तुमच्याशी वैर आहे?" एवढेच बोलून ती निघाली आणि त्याच दिवशी मुलीला घेऊन माहेरी गेली.

मित्रांनो, माझा जीव नुसता तळमळला. वायू खराच होता. पण तो कुठून आला, हे मला कसे कळणार? भट्टीवाला गुडघ्यांत डोके घालून बसला होता. डोके सारखे ठणकते, म्हणाला. सोडल्यावर होते तसे, ताई तुटकपणे म्हणाल्या आणि मला खणात टाकले.

काही दिवसांनी तो एका मावशींना हाताला धरून घेऊन आला. बेकरीत त्याच्या शेजारी त्या मैदा मळायच्या. कामावरच चक्कर येऊन पडल्या होत्या. धड उभे राहवत नव्हते, तरी त्यांनी ताईंना फैलावर घेतले.

"दिवसभर याच्या बाजूला असते मी. सिगारेटच्या वासानं मला मळमळतं. यानं ओढली असती तर मला कळलं नसतं?"

ताईंनी नुसते त्यांच्या समाधानासाठी मला पुढे धरले. जन्मात विडीला न शिवलेल्या मावशींनी फुंकले आणि माझा दिवा लाल झाला.

ताईंचा चेहरा उतरला. थंडी म्हणून बेकरीची दारे-खिडक्या बंद असतात, हे त्यांनी तेव्हा कुठे विचारून घेतले. मावशींना लगेच प्राणवायू लावला. भट्टी विझवायला फोन केला, तेव्हा धुराडे तुंबलेले निघाले; तोच विषारी वायू आत कोंडत होता. मग ताई भट्टीवाल्याकडे वळल्या. चुकले माझे, तुमच्या बायकोला आत्ताच कळवते, म्हणाल्या.

तो भिंतीला टेकला. "सकाळी ओढली, ताई. सोडल्यापासून आज पहिल्यांदाच. कोणी खरं मानतच नव्हतं, म्हटलं मग सोडून तरी काय उपयोग."

दुपारी बायको आली. त्याने आधी सकाळचीच गोष्ट सांगितली. मग त्याच्या खिशातले सिगारेटचे पाकीट काढून तिने टेबलावर माझ्या शेजारी ठेवले, ताईंकडून नवी पट्टी मागून घेतली आणि त्याच्या दंडावर चिकटवली. मुलगी मात्र अजून आजोळीच आहे.

मित्रांनो, मला पुसत जा, वेळच्या वेळी तपासून आणत जा. बाहेर बाकावर तो पुन्हा येऊन बसला आहे. आज दिवा कोणता लागेल, मला ठाऊक नाही. मला हात असते तर तुमच्यापुढे जोडले असते. आधी त्याला विचारा, मग माझ्याकडे बघा.