जनावराची केस

मी एक जुनी बंदूक आहे. घाबरू नका मित्रांनो, माझ्यात आता काडतूस नाही. माझ्या नळीला सुतळीने एक चिठ्ठी बांधली आहे, तिच्यावर लाखेचा ठिपका आहे. पोलीस ठाण्यातल्या मुद्देमालाच्या खोलीत, भिंतीला टेकून, मी तुमच्याशी बोलते आहे.

मी घडले कारखान्यात, पण माझा संसार झाला पिंपळवंडीत, बहिरूअण्णांच्या घरी. परवान्यावर लिहिलं होतं, 'पीक संरक्षणासाठी'. उसात रानडुकरं शिरली की अण्णा बांधावर उभे राहत, मला आभाळाकडे धरत आणि एकच बार काढत. डुकरं धूम पळत. "आवाजानं काम व्हतंय, मग रगात कशाला?" असं ते म्हणत. तान्ह्याला तेल लावायला घ्यावं तसं ते मला मांडीवर घेत. खंडेनवमीला मला हळदकुंकू आणि झेंडूचं फूल मिळे. निवडणूक आली की मला ठाण्यात जमा करावं लागे. तेव्हा अण्णा शिपायाला दोनदा बजावत, "राव, ओलीत ठिवू नका तिला." इतक्या वर्षांत माझ्यामुळे एकही जीव गेला नाही, याचा मला केवढा अभिमान होता!

अण्णा गेले आणि मी त्यांच्या मुलाच्या, जानकूच्या नावावर झाले.

जानकू चारचौघांत गोड माणूस. पावण्यांना चहा पाजल्याशिवाय सोडायचा नाही. पण गोठ्यात शिरला की त्याचा चेहराच बदलायचा. मी समोरच्या भिंतीवरून बघत असे. एकदा सकाळी म्हशीनं पान्हा चोरला, म्हणून त्यानं लोखंडी पाइपनं तिचा डोळा फोडला. जनावरांच्या डॉक्टर महेकताई आल्या. जखम धुताना त्यांनी एवढंच विचारलं, "हे शिंग अडकून झालेलं नाही ना?" जानकू त्यांच्यासाठी चहा सांगायला आत गेला. ताईंनी तक्रार दिली. कोर्टात गुन्हा शाबीत झाला, दंड झाला. गावाला मात्र हसायला विषय मिळाला. "काय जानकूशेठ, म्हशीनं साक्ष काय दिली?"

पुढे परवान्याचं नूतनीकरण आलं. आळेफाट्याला झेरॉक्सचं दुकान चालवणारा भगवंत लोकांचे फॉर्म भरून देई. माझ्या अंगावर कोरलेला नंबर बघायला तो घरीच आला. फॉर्म वाचता वाचता तो थांबला.

"कोणत्या गुन्ह्यात शिक्षा झाली आहे का, असं इचारलंय."

"ते म्हशीचं हाय की," जानकू म्हणाला.

"छ्या! ती जनावराची केस. ती कुठं धरत्यात? गुन्हा म्हंजी माणसाचा. 'नाही' लिवतो."

मी हातभर अंतरावर होते. मला तोंड आहे, मित्रांनो, पण वाचा नाही. पोलिसांच्या चौकशीतही ते कुणाच्या ध्यानात आलं नाही, आणि परवाना पुढे चालू झाला.

त्या हिवाळ्यात शेजारच्या रानात मेंढपाळ बानूबाईची मेंढरं बसली. लेंडीखतासाठी शेतकरी अशी मेंढरं आपल्या रानात बसवून घेतात. बानूबाईचा कुत्रा भुऱ्या कळपाची राखण करी. बिबट्यानं मान धरू नये म्हणून त्याच्या गळ्यात लोखंडी काट्यांचा पट्टा होता. येणाऱ्याजाणाऱ्यावर तो भुंके. ते त्याचं कामच होतं.

एके दुपारी जानकू मला खांद्यावर टाकून विहिरीकडे निघाला. भुऱ्या भुंकत आडवा आला. बानूबाई कोकरू काखेत घेऊन धावत आली.

"भाऊ, नुस्तं भुंकतंय, चावत न्हाई! थांबा, धरते त्याला!"

ती दहा पावलांवर होती. जानकूनं मला खाली वळवलं. माझं तोंड कधी आभाळाखेरीज कुठे नव्हतं. त्या दिवशी ते भुऱ्यासमोर होतं. त्यानं चाप ओढला.

बिबट्याचे दात अडवणारा तो पट्टा माझे छर्रे अडवू शकला नाही. शेपूट एकदा हलली. बानूबाई मातीत बसली आणि काट्यांनी बोटं सोलत पट्टा सोडवत राहिली. "काढते रं बाळा, काढते. लई जड झाला व्हय?"

बानूबाईच्या तक्रारीवरून पोलिसांनी मला इथे जप्त करून आणलं. चारच दिवसांत जानकू ठाण्याच्या साहेबांपुढे उभा; उघड्या दारातून मला सगळं दिसत होतं. बिबट्याचा धोका आहे, बंदूक परत द्या, म्हणाला. बानूबाईला जबाबासाठी बोलावलं होतं. मध्यस्थीला भगवंत आला होता.

"मिटवून टाक की, बानूबाई. जातिवंत पिल्लू आणून देतो."

"पिल्लू देशील रं. पर मी रोज ह्याच्याच बांधाला हाय. कोकरू व्हतं माझ्या काखंत. हात जरा हालला असता तर?" मग ती साहेबांकडे वळली. "ह्यानं म्हशीचा डोळा फोडला, हे समद्या गावाला ठावं. तरी ह्याला बंदूक दिली कशी?"

साहेबांनी नूतनीकरणाचा फॉर्म काढला. "इथे तर 'नाही' लिहिलंय."

भगवंतची मान खाली गेली. तो म्हणाला, "मीच लिवलं, साहेब. मला वाटलं, जनावराची केस मोजत न्हाईत."

जानकू त्याच्यावर डोळे वटारत राहिला. पण भगवंतनं तेच लेखी दिलं, खाली सही केली. काही महिन्यांनी परवाना रद्द झाल्याचा हुकूम आला. जानकूला मी परत मिळणार नाही.

हुकूम ऐकायला बानूबाई नव्हती. राखण नसलेला कळप घेऊन ती खोडदकडे गेली होती. तिथे बिबट्यानं तिची दोन कोकरं नेली, असं शिपाई एकमेकांत बोलत होते.

मित्रांनो, जुन्या वस्तू नेहमी म्हणतात, आम्हाला जपा, पुसा, तेल लावा. मी तसं म्हणणार नाही. मला गंजू द्या. पण माझ्यासारखी दुसरी कुणाच्या हाती देण्याआधी त्याच्या गोठ्यात एकदा जाऊन या. तो आत येताच जनावरं अंग चोरत असतील, तर कागदावर काहीही लिहिलेलं असो, त्याला ती देऊ नका.