एस्नातच्या खिडकीतली कोळशाची इस्त्री

मित्रांनो, मला हात लावण्याआधी मी गार आहे की तापलेली, एवढं विचारून घ्या. कोळशावर चालणारी इस्त्री मी. वय झालंय, बूड काळवंडलंय, झाकणावरच्या लोखंडी कोंबड्याची शेपटी कधीच मोडलीय. पण पोटात निखारे घातले की आजही मी सदऱ्याची कॉलर ताठ उभी करते.

आमच्या देशाच्या राजधानीच्या, लिलाँग्वे शहराच्या कडेला एका भट्टीत माझा जन्म झाला. मोडक्या मालमोटारींचं लोखंड वितळवून मला वाळूच्या साच्यात ओतलं. मिशनच्या शाळेत कपडे धुणाऱ्या एका बाईनं मला घेतलं आणि देझाच्या डोंगरातल्या तिच्या गावी आणलं. सगळं गाव तिला अगोगो म्हणायचं, म्हणजे आजी. निखारे भरण्याआधी ती दरवेळी डोळे मिटून देवाचं नाव घ्यायची. "विस्तव आहे बाई, त्याला सांगूनच हाती घ्यावा," म्हणायची. रविवारी चर्चमध्ये बायकांची पांढरी पोलकी बघून पाद्रीबाबा विचारत, ही इस्त्री कुणाच्या हातची? माझ्या अंगाला तेव्हा नुसती चकाकी होती.

आमच्याकडे ओल्या कपड्यांवर एक माशी अंडी घालते. इस्त्री न फिरवता कपडा अंगात घातला की अळी कातडीखाली शिरते. म्हणून पोरापासून म्हाताऱ्यापर्यंत सगळ्यांचे कपडे माझ्याखालून जातात. बाळाची दुपटी तर दोन्ही बाजूंनी, शिवणीपाशी जास्त दाबून. गावात मला शेजारीपाजारी मागून नेत. कुणाकडे मऊ जुन्या कापडाचे चौकोन दिसले की मी समजायचे, इथे बाळ येणार.

अगोगोची नात एस्नात. तिचं लग्न झालं तेव्हा अगोगोनं मला तिच्या हातात दिलं. आमच्या लोकांत मुलगी सासरी जात नाही. नवराच आपली झोपायची चटई आणि कुदळ घेऊन बायकोच्या गावी राहायला येतो. मूल झालं की तो गावचा होतो. नाही झालं तर एखाद्या सकाळी चटई गुंडाळून आपल्या गावाला चालू लागतो, आणि त्याला कुणी फारसं अडवतही नाही. लास्टन असाच आला. उंच, अबोल, शिट्टी वाजवत कौलं शाकारणारा.

पहिल्याच वर्षी एस्नातला दिवस राहिले. तिलाच जेमतेम कळलं होतं, आणि ते गेलं. आमच्या चिचेवा बोलीत अशा वेळी 'पदेरा गेलं' म्हणतात. पदेरा म्हणजे बाजूला, दुसरीकडे. जणू बाळ आपल्या दाराशी येता येता भलत्याच वाटेला लागलं. अगोगोनं तिला खिडकीपाशी, माझ्या शेजारी बसवून हळूच सांगितलं, "हे बायकांचं असतं. जावयाच्या कानावर जाता कामा नये. नवा माणूस आहे, त्याला चटई गुंडाळायला निमित्त नको."

एस्नातनं मान डोलावली.

पुढे काही वर्षांनी पुन्हा दिवस राहिले. या वेळी पोट दिसायला लागलं. एस्नात जुनं निळं कापड कापून दुपटी शिवायची आणि गुणगुणत माझ्याखाली घालायची. इतक्या हलक्या हातानं मला कुणी कधी फिरवलं नव्हतं. पाचव्या महिन्यात तेही गेलं. म्हाताऱ्या बायकांनी ते इवलंसं गाठोडं घरामागच्या ओल्या मातीत पुरलं. तिथे पुरुषांनी जायचं नाही, आईनंही जायचं नाही, आणि मोठ्यानं रडायचं नाही. त्या दिवशी लास्टन कुंपणाबाहेर उभा होता आणि एस्नात आत भिंतीकडे तोंड करून पडली होती. मध्ये मी, खिडकीत, गार.

त्यानंतर मित्रांनो, माझे दिवस फिरले. शेजारीण नाचिसालेकडे वीज आली, विजेची इस्त्री आली. मला मागायला कुणी येईना, एस्नातही घरचे कपडे तिच्याकडेच नेऊ लागली. माझ्या पोटात कोळ्यानं घर केलं. एस्नात रोज सकाळी खिडकीशी गुडघे टेकून प्रार्थना करायची. आधी शब्द ऐकू यायचे, मग नुसते ओठ हलायचे. लास्टन जेवायचा, ताट सरकवायचा, शेतावर जायचा. दोघं एकाच छपराखाली राहत होती, पण मला वाटायचं, इथे दोन एकटी माणसं राहतात. मागच्या साली अगोगो देवाघरी गेली. मग पहिल्या वेळचं ते गुपित माहीत असलेल्या दोघीच उरलो, एस्नात आणि मी. मी तर लोखंड. मला काय बोलता येतं?

याच थंडीत आमच्या दवाखान्यातली नर्स घरी आली. म्हणाली, "लिलाँग्वेला एक डॉक्टरबाई आहेत, ज्यांचं वारंवार जातं त्यांनाच बघतात. तुमचा नंबर लागलाय, मंगळवारी. दोघांनीही जायचं. पहिल्या भेटीत त्या सगळं विचारतील. पाळीचं, आजारपणाचं, किती वेळा दिवस राहिले, किती वेळा गेले. काही लपवू नका हं, लपवलं की उपचार चुकतो."

"दोघांना एकत्रच विचारतात का?" एस्नातनं विचारलं.

"शेजारी शेजारी बसवून."

सोमवारी दुपारी एस्नातनं मला खाली उतरवलं, कोळ्याचं घर झाडलं, राखेनं घासलं. किती दिवसांनी पोटात विस्तव पडला! जमिनीवर घोंगडी अंथरून ती लास्टनचा पांढरा सदरा पसरत होती, तेवढ्यात नाचिसाले दारात आली.

"काय गं, कुणाचं लग्न?"

"उद्या लिलाँग्वेला जायचंय."

"जावईबापूपण? आणि पांढरा सदरा!" नाचिसालेनं गालाला बोट लावलं. "सांभाळ हो. पांढरा सदरा घालून शहरात गेलेला पुरुष येताना गावचा फाटा विसरतो."

"त्यांची कुदळ इथेच आहे, नाचिसाले."

"कुदळ काय, बाजारात ढिगानं मिळते." हसली आणि गेली.

एस्नात पुन्हा माझ्याशी एकटी झाली. कॉलर केली, पाठ केली. मग बाही सरळ करता करता पुटपुटू लागली. उद्या बोलायचं ते बोलून बघत होती.

"डॉक्टरबाई, माझं एकदा गेलं."

थांबली. मान हलवली.

"डॉक्टरबाई, माझं... माझं दोनदा..."

पुढे शब्द फुटेना. मला बाहीवर ठेवून तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मला उचलायला हवं होतं. मी पुष्कळ चरचरले, पण ऐकतं कोण? आधी वास सुटला, मग धूर.

मागच्या अंगणात बूट पुसत बसलेला लास्टन धावत आला. "अगं, जळतंय!" त्यानं मला उचलून विटेवर ठेवलं. बाहीवर माझ्या टोकाचा तपकिरी ठसा उमटला होता.

"उद्या आता काय घालाल तुम्ही?" एस्नात रडायलाच लागली.

"हाच घालीन. डॉक्टरबाई सदऱ्याला औषध देणार आहेत का?"

ती हसली नाही. खाली बघून भरभर म्हणाली, "दोनदा गेलंय. तुम्हाला एकच माहीत आहे. लग्नाच्या पहिल्या वर्षी एक गेलं. मी सांगितलं नाही."

लास्टन घोंगडीवर बसला. हातातला बूट मांडीवर ठेवून म्हणाला, "दोन्ही माहीत आहेत मला."

"कुणी सांगितलं?"

"मिठानं."

एस्नात बघतच राहिली. आमच्याकडे असं झालं की बाईनं काही दिवस रांधताना मीठ हाती घ्यायचं नाही. दुसरी बाई येऊन घालते.

"त्या वर्षी अगोगो रोज संध्याकाळी आपल्या चुलीपाशी यायची," लास्टन म्हणाला. "तू पातेल्यापासून लांब सरकायचीस. आणि घेवड्याची भाजी अशी खारट, की मी घडाभर पाणी प्यायचो. तुझ्या हातचं मीठ मी ओळखत नाही होय?"

एस्नातच्या तोंडून हसू आणि हुंदका एकदमच बाहेर पडला. "मग बोलला का नाहीत?"

"जावयानं असलं विचारायचं नसतं. अगोगोनंच मला चटई दाखवली असती. आणि..." तो बुटाची लेस बोटाला गुंडाळत राहिला. "तू सांगितलं नाहीस. वाटलं, तुझ्या लेखी मी परकाच."

"मला वाटायचं, कळलं तर तुम्ही जाल."

निखारे बारीक तडतडत होते. मग लास्टननं मला उचललं आणि एस्नातचं कमरेला गुंडाळायचं कापड माझ्याखाली घेतलं. इस्त्री कसली येते त्याला! एकाच घडीवर चारदा फिरवली. पण मी एक सुरकुती राहू दिली नाही.

"हं, म्हण," तो म्हणाला. "डॉक्टरबाईंनी विचारलं, किती वेळा? काय सांगशील?"

"माझं दोनदा गेलं."

"पुन्हा म्हण. नीट."

ती त्याच्याकडे बघत राहिली. तिला उमगलं.

"आमचं," ती म्हणाली. "आमचं दोनदा गेलं, डॉक्टरबाई."

मंगळवारी अंधार सरायच्या आत ती दोघं फाट्यावर मिनीबस गाठायला निघाली. बाहीवरचा डाग लपावा म्हणून लास्टननं ती वर दुमडली होती. दाराला कुलूप लागलं. घरात मी एकटी. डॉक्टरबाई काय म्हणतील, या घरात पुन्हा दुपटी शिवली जातील की नाही, मला ठाऊक नाही.

निघायच्या गडबडीत माझ्या पोटातली राख काढायची राहून गेली. राख ओल धरते मित्रांनो, आणि लोखंड आतून गंजत जातं. बाहेरून काही दिसत नाही. तुमच्या घरी माझ्यासारखी कुणी असेल तर काम झाल्यावर तिला रिकामी करा. आणि तुमच्या घरात एखादी बाई बोलता बोलता मध्येच थांबत असेल, तर उठून जाऊ नका. थोडा वेळ तिच्यापाशी बसा.