तपासणीपुरती पट्टी

माल्कम ऑक्सलीनं गिअरबॉक्सवर घण घातला तेव्हा त्याला गंजलेला बोल्ट सोडवायचा नव्हता, त्याला त्या बोल्टचा जीव घ्यायचा होता. तासभर तो बोल्टशी झटत होता. तेल घालून झालं, तापवून झालं, आईबहिणीवरून शिव्या देऊन झाल्या. पाना सटकला आणि बोटं सोलली, तेव्हा तळपायाची आग मस्तकात गेली. त्यानं कोपऱ्यातला घण उचलला आणि हाणत सुटला. कवच तडकलं, दातेरी चाकं फरशीवर सांडली, काळं तेल त्याच्या बुटांपर्यंत आलं. तरी तो थांबला नाही. दम संपला तेव्हाच थांबला.

"झालं समाधान?" दारातून म्हातारा विल्फ म्हणाला. शेजारच्या गाळ्यात त्यानं खोक्यांतून सुटे भाग मागवून स्वतःच्या हातानं अशा चार गाड्या उभ्या केल्या होत्या आणि रॉदरहॅमच्या त्या गल्लीत त्याचा शब्द कायद्यासारखा चाले. "लेका, तू गिअरबॉक्स नाही मारलास. गाडीचा बाप मारलास."

"दुसरा आणीन. भंगारात ढीग पडलेत."

"आण की. पण इंजिन आणि गिअरबॉक्स दोन्ही त्या एकाच जुन्या सिएरा गाडीचे होते, म्हणून तुला सिएराच्या सालाची नंबरपाटी मिळाली असती. आता इंजिन एकीचं, गिअरबॉक्स कुठला कोण जाणे. सरकार क्यू अक्षराची पाटी देणार तुला. जन्मगाव माहीत नाही, असं कपाळावर लिहून फिरायचं."

माल्कम चाकं गोळा करू लागला. तो स्वतः शेफील्डच्या एका दवाखान्याच्या पायरीवर, बटाट्याच्या पोत्यात गुंडाळलेला सापडला होता. ऑक्सली हे आडनाव त्याला उचलणाऱ्या हवालदाराचं. अनाथाश्रमात पोरांनी त्यावरून त्याला छळलं आणि त्यानं पोरांचे दात पाडले. हात उगारायची सवय तिथली. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. पण आपली जाईल, असं माल्कमनं या वर्षी ठरवलं होतं, कारण तसं ठरवल्याशिवाय त्याला गत्यंतर नव्हतं.

लिनेट, त्याची बायको, फुटलेल्या ओठावर रुमाल धरून घराबाहेर पडली होती. दारात थांबून म्हणाली होती, "दहा वर्षं ती गाडी गाळ्यात पडलीय. दर वेळी चिडतोस, काहीतरी फोडतोस आणि सोडून देतोस. आयुष्यात एक गोष्ट न मोडता पुरी करून दाखव, माल्कम. ती गाडी रस्त्यावर आण. आणि तोवर कुणाच्या अंगाला हात लावायचा नाही. जमलं, तर त्याच गाडीत बसून घरी येईन. नाही जमलं, तर समज मी मेले." आणि ती भावाकडे, नेव्हिल सगडनकडे, राहायला गेली.

गिअरबॉक्स काही माणूस नव्हे, असं माल्कमनं मनाला समजावलं. शब्द मोडला नव्हता. त्यानं तेल पुसलं, भंगारातून दुसरा गिअरबॉक्स आणला आणि कामाला लागला.

आणि खरं सांगायचं तर त्यानं ते काम देखणं केलं. साठ सालच्या शर्यतीतल्या गाडीची ती नक्कल: लांब नाक, दोन माणसांपुरती जागा, छप्पर नाही, दारं नाहीत. सांगाडा आणि नाक खोक्यांतून आलं, पण मागचे मडगार्ड त्याला पसंत पडेनात. प्लॅस्टिकचे होते ते. त्यानं ॲल्युमिनियमचा पत्रा आणला आणि वाळूच्या पिशवीवर ठेवून हातोड्यानं ठोकत ठोकत त्याला आकार दिला. लिनेटची आठवण आली की ठोकायचा. नेव्हिलचा फोनवरचा कुत्सित आवाज आठवला की दुप्पट ठोकायचा. सगळा राग त्या पत्र्यात गेला आणि पत्रा असा गोलाईदार, असा चकचकीत निघाला की विल्फनंसुद्धा टोपी मागे सारून पाहिलं. फक्त कडा होत्या कात्रीनं कापलेल्या, विळीच्या पात्यासारख्या.

"पट्टी लाव यांना," विल्फ म्हणाला. "सरकारी तपासनीस गोळा फिरवतो."

"माझ्या कामावर रबर नाही चढणार."

"अरे, तपासणीपुरती रे! सगळेच लावतात. पास झाली की दुसऱ्या दिवशी सोलून फेकायची."

आणि हे खरं होतं. घरी गाड्या बांधणाऱ्या त्या लोकांचा रिवाजच होता तो. बाहेरची एकही कड धारदार चालत नाही, म्हणून तपासणीच्या आदल्या दिवशी मंडळी गाडीला नखशिखान्त रबराच्या पट्ट्या चढवायची, बोल्टांना टोप्या घालायची आणि गाडी अशी निरुपद्रवी करून न्यायची की तिनं माशीसुद्धा मारली नसती. पाटी लागली की गल्लीत सगळे जमायचे, चहा आणि बेकनची सँडविचं व्हायची आणि मालक सगळ्यांसमोर पट्ट्या सोलायचा. ओठात एक, पोटात एक. तपासनिसांनाही ते माहीत होतं.

माल्कम पट्टी न लावताच गेला. तपासनीस चष्मा लावलेला, किरकोळ अंगाचा माणूस. हातात मोठ्या संत्र्याएवढा गोळा; तो जिथे टेकेल तिथली कड बोथट हवी. तो गोळा त्यानं नाकावरून फिरवला, दिव्यांवरून फिरवला, मडगार्डपाशी आणला आणि थांबला.

"ही धार आहे."

"धार नाही ती. हातकाम आहे."

"हातकाम असेल. माणूस घासला तर हाडापर्यंत जाईल." आणि त्यानं कागदावर नापास लिहिलं.

माल्कमला त्या क्षणी त्या माणसाचं बारीक नरडं दिसत होतं, बाकी काहीच नाही. मूठ आपोआप वळली. तो पाठ फिरवून संडासात गेला, दाराला कडी घातली आणि भिंतीच्या फरशीवर मूठ हाणली. पुन्हा हाणली. पांढरी फरशी तडकली, लाल झाली, बोटांची दोन पेरं आत सरकल्याचं त्याला ऐकू आलं. मग नळाखाली हात धरून तो रडला. दुखत होतं म्हणून नाही. आपण मारलं नाही, याचा आनंद झाला होता त्याला.

पुढच्या खेपेला रबराच्या पट्ट्या लावून नेली. गोळा फिरला, कुठेच अडला नाही. पासचा कागद हातात देताना तपासनीस हळूच म्हणाला, "मागची पट्टी तेवढी राहू द्या बरं. तुमची पद्धत ठाऊक आहे मला. पण उद्या कुणाचं पोर जवळून धावत जाईल."

"हो हो," माल्कम म्हणाला. त्याला तेव्हा जगातल्या कुणालाही हो म्हणायचं होतं.

पाटी आली. क्यूचीच आली. त्यानं ती स्वतः ठोकली आणि लिनेटला फोन केला. 

"कुणाला मारलंस?" तिनं विचारलं.

"एका भिंतीला."

ती हसली. वर्षभरात पहिल्यांदा हसली. "रविवारी येते," म्हणाली.

रविवारी दुपारी गल्लीत सगळी टोळी जमली. ऊन पडलं होतं, कढईत बेकन चरचरत होतं. नेव्हिल आपल्या झकपक गाडीतून बहिणीला घेऊन आला. त्याची गाडीही खोक्यातूनच बांधलेली, पण पैसे मोजून दुसऱ्याकडून. आणि पाटी सालाची, त्यामुळे मिजास राजाची. लिनेट निळा कोट घालून आली होती, केस नीट केले होते. माल्कमला काय करावं कळेना. त्यानं सीट रुमालानं पुसली. ती आत बसली, हात बाहेर टाकून मागच्या मडगार्डवरून फिरवला आणि बोटं पट्टीवर थांबली.

"हे छान आहे. मऊ. हे राहू दे, माल्कम."

"राहू दे तर राहू दे," तो म्हणाला, आणि मनापासून म्हणाला.

सगळं तिथंच संपलं असतं. पण नेव्हिलच्या हातात बिअर होती.

"अरे वा! पट्टी राहणार म्हणे! पाळण्याला लावतात तशी. गाड्यांच्या मेळ्याला अशीच नेणार का, झबलं-टोपडं घालून?"

मंडळी हसली. विल्फही हसला, पुढे त्याला त्याचा फार पस्तावा झाला. माल्कमचे कान लाल झाले. एवढं हसण्यासारखं काही नव्हतं, पण टोळीसमोर हसू झालं की त्याला अनाथाश्रमाचं अंगण दिसायचं. त्यानं पट्टीत नख घातलं आणि एका झटक्यात ती मडगार्डवरून सोलून काढली. ॲल्युमिनियमची कड उन्हात चमकली. टाळ्या पडल्या.

"माल्कम," लिनेट हळू आवाजात म्हणाली. त्यानं तिच्याकडे पाहिलं नाही.

"आता कसं!" नेव्हिल गाडीमागे गेला आणि पाटीवर बाटली टकटक वाजवली. "पण ही पाटी काही सोलून निघायची नाही बाबा. क्यू! मालकाला शोभते मात्र. गाडीचा बाप कोण ते सरकारला माहीत नाही, आणि मालकाचा..."

"नेव्हिल, गप बस!" लिनेट ओरडली.

"...मालकाचा तर पोत्यालाच विचारावा लागेल!"

कुणी हसलं नाही. माल्कमनं हातातला कप हळूच फळीवर ठेवला. सांडू नये अशा बेतानं ठेवला. मग त्यानं नेव्हिलच्या तोंडावर ठोसा मारला.

नाक मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. नेव्हिल पाटीवर आदळून खाली बसला, आणि माल्कम त्याच्या छातीवर बसून मारू लागला, न बरी झालेल्या पेरांनी, दर ठोशाला स्वतःच विव्हळत. वर्षभराचं तुंबलेलं होतं ते. तपासनिसाचं नरडं होतं त्यात, गंजलेला बोल्ट होता, आणि गंमत अशी की नेव्हिल फारसा नव्हताच. नेव्हिलच्या हाताला जॅकची दांडी लागली. त्यानं ती पडल्या पडल्याच फिरवली, माल्कमच्या बरगड्या कडकडल्या. माल्कमनं दांडी हिसकली आणि उभा राहिला. दोघं धरायला धावले, एकाला त्यानं ढकलून कढईवर पाडलं, उकळती चरबी उडाली, कुणीतरी किंचाळलं. त्यानं दांडी डोक्यावर उचलली. ती खाली आली असती तर नेव्हिल सगडन त्या दिवशी मेलाच असता.

लिनेट गाडीतून उतरली होती. तिनं मागून त्याचा दंड धरला, दोन्ही हातांनी, सगळं वजन टाकून.

मागे कोण आहे हे माल्कमनं पाहिलं नाही. त्यानं फक्त कोपर मागे झटकलं. अंगावर बसलेलं काहीतरी झटकावं तसं.

ती मागे गेली, तोल सावरायला हात पसरला, आणि तो हात मडगार्डच्या कडेवर कोपरापासून मनगटापर्यंत घसरला. आवाज फारसा झाला नाही. निळी बाही उघडली, तिच्या आतलं उघडलं, काहीतरी पांढरं दिसलं, आणि मग रक्त आलं, इतकं की मडगार्डवरून धार लागून चाकात गेली. लिनेट खाली बसली. ती ओरडली नाही. हाताकडे बघत राहिली.

विल्फनं गळ्यातला मफलर काढून दंडाला करकचून आवळला. कुणी फोन केला. एवढ्या धांदलीत माल्कम काय करत होता? तो गुडघ्यांवर बसला होता, जमिनीवरची पट्टी त्यानं उचलली होती आणि ती परत त्या कडेवर चढवत होता. रक्तानं कड निसरडी झाली होती, पट्टी बसत नव्हती. तो बसवत होता, निसटत होती, पुन्हा बसवत होता.

"माल्कम! अरे काय करतोयस?" विल्फ ओरडला.

"बसेल. आत्ता बसेल," तो म्हणत होता.

इस्पितळात त्याला एका पडद्यामागे ठेवलं, बरगड्यांना पट्टे बांधून. शेजारच्या पडद्यामागे लिनेट होती. हात वाचला होता, दोन बोटं हलतील की नाही सांगता येत नव्हतं. थोड्या वेळानं बुटांचा आवाज आला आणि एका पोलीस बाईचा शांत प्रश्न: "मिसेस ऑक्सली, हे कसं झालं?"

 हा प्रश्न माल्कमनं यापूर्वी ऐकला होता. दर खेपेला अशाच एखाद्या पडद्यापलीकडून लिनेटनं उत्तर दिलं होतं. जिन्यावरून पडले. कपाटाचं दार लागलं. न्हाणीघरात पाय घसरला. दर खेपेला ते खोटं होतं, आणि दर खेपेला त्यावर त्याची सुटका झाली होती. आज मात्र ती पडलीच होती. आज त्यानं तिला मारलं नव्हतं. ती आहे हेसुद्धा त्याला माहीत नव्हतं. आज तिनं पडले म्हटलं असतं तर जवळजवळ खरंच झालं असतं.

"माझ्या नवऱ्यानं केलं," लिनेट म्हणाली. आवाज थकलेला होता, पण कापत नव्हता. "आणि पहिल्यांदा नाही. लिहून घ्या."

माल्कमच्या तोंडाशी आलं होतं सगळं: मी पाहिलं नव्हतं, चुकून झालं, याच वेळी चुकून झालं, देवाशपथ. त्याला ओरडून सांगायचं होतं. पण मग पोलीस बाईनं विचारलं असतं, मग आधीच्या वेळी काय झालं होतं? 

पडदा सरकला. पोलीस बाई तरुण होती, हातात पेन होतं.

"मिस्टर ऑक्सली, तुम्हाला यावर काही सांगायचंय?"

माल्कमनं तिच्या मागे पाहिलं. लिनेटनं तोंड भिंतीकडे केलं होतं.

"नाही," तो म्हणाला. "ती म्हणतेय तसंच लिहा."